वरचं झाकण

दादा,

सुट्टीत तू अर्धवट ठेवून गेलेलं रणगाड्याचं मॉडेल बाबांनी पूर्ण केलं. मला ब्रशला शिवूही दिलं नाही. तुमच्या तुकडीचा हिरवा रंग जमेना, म्हणून पुन्हा पुन्हा खरवडून काढला.

काल फक्त वरचं झाकण राहिलं होतं. मी गोंद लावून ते बंद करायला गेले, तर बाबा अंगावर ओरडले, "उघडं राहू दे!"

ज्या आगीत तू गेलास, त्यात तुझ्या रणगाड्याचं झाकण अडकलं होतं, हे तुझ्या साहेबांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांना कधी कळलं, कुणास ठाऊक.

डोळे पुसून, स्वयंपाकघराकडे बघत ते कुजबुजले, "आईला सांगू नकोस हं."

तुझीच,
ठमी