पोरीनं बसवलेला टर्बो

८ डिसेंबर, सोमवार
शेषेरावांचा ट्रक परत दारात. तिसऱ्यांदा. स्कॅनर लावला, तोच कोड, ओव्हरबूस्ट. अण्णांना तिसऱ्यांदा सांगितलं, नवा टर्बो ठरल्यापेक्षा जास्त हवा दाबतोय, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला डिझेल कापतोय.
"सेन्सर खराब हाय."
सेन्सर बदलून झाला. वायर बदलून झाली. आता म्हणे नवा सेन्सरबी डुप्लिकेट.
हा मोठा टर्बो बसवला त्या आठवड्यात मी लातूरला, मावशीच्या ऑपरेशनला. परत आले तर जुना टर्बो गोणपाटात आणि नवा गाडीवर. मला विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं आयटीआय, चार वर्षं पुण्यात वर्कशॉप, हीच इंजिनं रोज खोललीत मी. आणि माजलगावात बापाच्या गॅरेजात माझं काम काय? "बटण दाब गं, लाइट घालव."
कोडची लाइट घालवली. माझ्याच हातानं. सगळ्यात जास्त राग त्याचा.

१० डिसेंबर, बुधवार
आज शेषेरावांच्या ड्रायव्हरला, गफूरचाचांना, बसवून नीट विचारलं. तीस वर्षं ट्रक चालवणारा माणूस, त्यांना कुणी विचारतच नाही.
"रिकामी गाडी वाऱ्यावानी पळती. साखर भरली की धारूरच्या घाटात मधीच दम सोडती. पाय पूरा दाबून हाय मी, अन् गाडी म्हणती, न्हाई जात."
म्हणजे फक्त लोडवर. सेन्सर खराब असता तर रिकाम्या गाडीतही बोंबलला असता. अण्णांना सांगितलं.
"तुझ्या जल्माच्या आधीपासून इंजिनं खोलतोय मी."
खोटं नाही. कॉम्प्युटर नसलेलं, जुन्या डिझेलपंपाचं इंजिन रस्त्यापलीकडून नुसतं ऐकून सांगतात, कुठला नॉझल गळतोय ते. मी डोळ्यांनी बघितलंय. एवढं येणाऱ्या माणसानं एवढं अडून बसावं, ते सहन होत नाही.
चाचा आज माझ्याशी तुटक वाटले. चहा नको म्हणाले.

११ डिसेंबर, गुरुवार
घाटात तिसऱ्या वळणावर पावर कापली. चाचांनी खालचा गिअर टाकायला बघितला, पडला नाही, ब्रेक धरेपर्यंत भरलेली गाडी दहा फूट मागं. पाठीमागं मोटारसायकलवर नवराबायको. दोघांनी उड्या टाकल्या म्हणून वाचले. मोटारसायकल चाकाखाली.
लोकांनी चाचांना केबिनमधून ओढून मारलं. साठीचा माणूस. ओठ फाटलाय. दुपारी कशीबशी गाडी घेऊन इथं आले, टायरवर बसून तोंडाच्या एका कडेनं पाणी पीत होते.
आणि अण्णांनी काय म्हणावं? "गिअर चुकला आसंल तुझा."
मी ओरडले. शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन बघायला लागला, इतकी ओरडले. अण्णा सरळ हातपाय धुवून जेवायला घरी गेले.

१३ डिसेंबर, शनिवार
अण्णांनी बीडहून एकाला बोलावलं. गॉगल, हातात पाकिटाएवढी काळी डबी. ती सेन्सरच्या वायरमध्ये जोडायची, मग कॉम्प्युटरला दाब कायम कमीच दिसणार.
"ताई, लाइट कदीच लागनार न्हाई बगा."
"दाब?"
"त्याचं काय, त्यो हाय तेवडाच."
पक्कड घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत डबी कापली. अण्णांना म्हटलं, दाब तसाच, फक्त कळणार नाही. एक दिवस घाटात इंजिनच फुटंल, मग कुणाला बदडू द्यायचं, परत चाचांना?
अण्णांनी हात उचलला. मारला नाही. लोकं होती.
"ग्यारेज कुणाचं हाय?"
"तुमचं."
"मग निघ."
निघाले नाही. मायनं दोघांचा डबा एकातच दिला होता. त्यांनी बाकड्यावर खाल्लं, मी ट्रकच्या पायरीवर.

१४ डिसेंबर, रविवार
अण्णा लग्नाला आष्टीला गेलेले. चाचांना म्हटलं, एकदा माझ्या भरवशावर घाट चढा. बराच वेळ बघत राहिले. मग चावी काढली.
हवेच्या पाइपातून तांब्याची बारीक नळी काढून केबिनमध्ये दाबाचा काटा आणला. एका हातात काटा, मांडीवर स्कॅनर. गाडीत साखर भरलेली होतीच.
चढ लागला. कॉम्प्युटर मागतोय दीड बार दाब, काटा गेला सव्वादोनवर. स्कॅनरवरही सव्वादोनच. तिथंच पावर कापली. यावेळी चाचा तयारीत होते, आधीच खालच्या गिअरमध्ये.
सेन्सर खरं बोलतोय! पहिल्या दिवसापासून खरं बोलतोय.
मी खुशीत चाचांना समजावत होते. टर्बोवरच एक छोटी स्प्रिंगची डबी असते, दाब वाढला की ती दांडी ढकलते, दांडी झडप उघडते, जादा जोर बाहेर जातो. ती झडप वेळेवर उघडत नाहीये. चाचांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.
"बेटी, एक बात पुचू? मग तू बसवलीच कावून अशी?"
मी? मला कळेना.
"शेषेरावशेठ बोलले. तुझ्या बापानं त्यांना सांगितलं, पोरीनं बसवला टर्बो, पुण्याचं शिकून आली, अन् घोळ घातला. सगळ्या ट्रकवाल्यांना म्हाईत हाय."
म्हणजे तो मार माझ्या चुकीपायी खाल्ला, असंच चाचा धरून होते.
मी त्यांना सांगितलं, मी तेव्हा लातूरला होते. दवाखान्यातला मावशीसोबतचा फोटो दाखवला, तारखेसकट. स्वतःच्या बापाच्या विरोधात पुरावा. चाचांनी फोटो बघितला, मोबाइल परत दिला. "आरे आरे," एवढंच म्हणाले.

१५ डिसेंबर, सोमवार
लिहायचं नाही आज. लिहिलं तर वाईट लिहीन.

१६ डिसेंबर, मंगळवार
दोन्ही टर्बोच्या डब्यांना कॉम्प्रेसरची हवा देऊन बघितली. जुन्याची दांडी दीडच्या आतच हलायला लागते. नव्याची दोन झाले तरी ढिम्म. भलत्याच गाडीची कडक डबी. वरून दांडी पार शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेली, आणि नटावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. आवळलेल्या प्रत्येक नटावर अण्णा असा ठिपका देतात. दुसरं कुणी देत नाही.
त्यांच्यासमोर हवा सोडली. दांडी हलली नाही. त्यांनी बघितलं.
"एवढी कावून आवळली?"
"शेषेराव म्हनला, आजून ओढ पायजे."
"मग माझं नाव कावून घेतलं?"
चिंधीनं हात पुसत राहिले. पुसलेले हात परत पुसले.
"तू पोरगी हायस. तुला कोण काय म्हननार? माझं तीस वर्साचं नाव हाय."
म्हणजे माझं नाव नाहीच. जे नाही ते गेलं तरी काय बिघडलं.
कॉम्प्रेसर चालू होता म्हणून बरं. मी काय बोलले ते कुणाला ऐकू गेलं नसेल. त्यांना गेलं.

१७ डिसेंबर, बुधवार
दांडी सैल करून चाचांबरोबर परत घाट. बराच फरक. पण शेवटच्या चढावर पुन्हा सव्वादोन, पुन्हा कोड. या टर्बोचं जोर सोडायचं भोकच लहान आहे, झडप उघडली तरी पुरत नाही. ठरलं. हा उतरवायचा, जुना चढवायचा.
शेषेरावांना फोन केला. म्हणे, "तुमी गाडीला हात लावू नका. अण्णाला द्या."
अण्णा शेजारीच उभे. फोन घेतला. "हां. हां. बगतो." माझ्याबद्दल एक शब्द नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
येळवस, वेळ अमावस्येचा सण. गॅरेज बंद, सगळे शेतात. ज्वारी पोटऱ्यात आलीय. अण्णांनी ताकातल्या आंबिलीचा तांब्या स्वतः माझ्यापुढं धरला. घेतला, प्याले. बोलले नाही.
माय म्हणाली, "बाप हाय तुजा."
म्हटलं, "म्हणून तर."
येळवशीची भज्जी, सगळ्या भाज्या-डाळींची, झाली होती लई चांगली, आणि मला ती गिळवत नव्हती. त्याचाही राग आला.

२० डिसेंबर, शनिवार
सकाळी गॅरेजात पोचले तर अण्णा ट्रकखाली. नवा टर्बो अर्धा सुटलेला. मी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या बाजूनं धरला. दिवसभर बोलणं एवढंच. "सतराचा पाना." "दे." "धर." "सोड." जुना बसला. दांडीला त्यांनी हात लावला नाही. पाना माझ्याकडं सरकवला. मी बसवली, काट्यावर बघून. ते बघत होते, नीट, काही न बोलता. ठिपका द्यायला पेंट उघडला होता, तो तसाच बंद केला.

२१ डिसेंबर, रविवार
चाचा साखर भरून घाट चढून आले. कोड नाही. वेग कमी, पण कुठं अडली नाही. फोनवर हसत होते. ओठ अजून दुखतोय म्हणाले.
आनंद व्हायला पाहिजे होता. झाला, पावशेर. ट्रकवाल्यांत अजून मीच ती घोळ घालणारी.

२२ डिसेंबर, सोमवार
अकरा वाजले. शेषेराव आलेत, मोठा टर्बो कावून उतरवला ते विचारायला. गॅरेजात आले नाहीत. रस्त्यापलीकडं गाडी लावून अण्णांनाच हाक मारली.
मी काउंटरवर बसून हे लिहितेय. दोघं दिसतायत, ऐकू काहीच येत नाही. शेषेराव हातवारे करतायत. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. आता अण्णा बोलतायत. बराच वेळ. शेषेरावांनी एकदा वळून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यावरून काही कळलं नाही.
उठून जाणार नाही. काय सांगितलं ते विचारणारही नाही. सांगायचं तर त्यांनी इथं येऊन, माझ्यासमोर सांगावं.
शेषेराव गेले. अण्णा रस्ता ओलांडायला उभे आहेत. मधी उसाचा ट्रॅक्टर आलाय, दोन ट्रॉल्यांचा, लई सावकाश चाललाय.