आरशाची उंची

प्रिय दादा,

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे वाचता वाचता चष्मा काढून "आपल्या लेकीला नेमकं म्हणायचं काय आहे?" असे तुम्ही आईला विचारणार नाही. पहिली गोष्ट, घर घेतले. सह्या झाल्या, किल्ल्या हातात आल्या, आणि आता या पृथ्वीतलावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर व मागचे हातभर अंगण एवढा प्रदेश माझ्या नावावर आहे. दुसरी, घर नवे नाही. माझ्याआधी एक मोठे कुटुंब त्यात नांदून गेले. तिसरी, ते तळमजल्यावर आहे. यावर धाकट्याने यथेच्छ हसून घेतले: "ताई, एवढं शिकून शेवटी रस्त्याची धूळ विकत घेतलीस!" त्याला मी कारण सांगितले नाही, तुम्हालाही इतक्यात सांगणार नाही. चौथी गोष्ट, डागडुजी पूर्ण झाली असून ती निर्दोष आहे. पाचवी, ती निर्दोष नसल्याचे परवा उघड झाले. सहावी गोष्ट पत्राच्या शेवटी येईल. कृपया मधली पाने उलटून तिच्याकडे धावू नये.

दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांच्या आराखड्यांतल्या चुका शोधणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा हे घर प्रथम पाहिले त्या दिवशी मी काही त्याच्या प्रेमात पडले नाही; मी त्याची झडती घेतली. दलाल मागून "मॅडम, उजेड बघा, वारा बघा" असे घोकत होता आणि मी बघत होते ती चौकटीत कललेली दारे, मोरीकडे पाठ फिरवून खोलीच्या दिशेने उतरणारी न्हाणीघराची फरशी, आणि भिंती. भिंतींची, दादा, चाळण झाली होती. जिकडे पाहावे तिकडे खिळे, खिळ्यांची भोके आणि उपटलेल्या खिळ्यांबरोबर निघून आलेले गिलाव्याचे पोपडे. दाराशी डोक्याच्या उंचीवर एक ओळ, तिच्याखाली कमरेच्या उंचीवर दुसरी. मुलांच्या दप्तरांची असावी. शेगडीच्या वर एकुलता एक खिळा, रोजच्या काढण्या-अडकवण्याने टोकाशी चकचकीत झालेला. "कसली रानटी माणसं राहत होती इथे!" असे मी मोठ्याने म्हणाले. दलालाचा चेहरा पडला. गिऱ्हाईक गेले असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन करून पुन्हा किल्ली मागितली आणि त्या भिंतींसमोर एकटी उभी राहिले. मला त्या भोकांचा हेवा वाटत होता, हे कळायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

कारण आपल्याला भिंती होत्या कुठे? बदलीमागून बदली, कंपनीच्या वसाहतीमागून वसाहत; प्रत्येक ठिकाणी त्याच पिवळट खोल्या आणि तुमचा तोच एक कायदा: "आपण गेल्यावर इथे कुणी राहत होतं हे कळता कामा नये." भिंत कंपनीची, म्हणून खिळा नाही. आईचे कपडे खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर वाळत, कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभे राही, आणि तिचा तो लांबट आरसा पत्र्याच्या ट्रंकेला टेकवून जमिनीवर. लहानपणी मी त्यात पायांच्या नखांपासून भांगापर्यंत मावत असे. मग वर्षागणिक माझे माथे, कपाळ, डोळे आरशाबाहेर जात राहिले, आणि शाळा संपली तेव्हा त्यात फक्त एक बिनडोक्याची मुलगी येई-जाई. धाकटा म्हणे, "तेवढाच ताईचा खरा फोटो." आई मात्र रोज सकाळी त्याच्यासमोर मांडी घालून बसे आणि वेणी घाली. घर सोडताना तुम्ही ओल्या फडक्याने भिंती पुसत असा. ताबा घ्यायला आलेला तपासनीस एकदा चारही खोल्या फिरून म्हणाला होता, "अहो, तुम्ही राहिलात तरी कुठे?" त्या दिवशी रात्रभर प्रवास करूनही तुमची मान ताठ होती. मलाही अभिमान वाटला होता. माझ्यात जे काही काटेकोर आहे ते त्या ओल्या फडक्यातून आले आहे, आणि त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही.

तेव्हा दुरुस्ती कशी झाली असेल याची तुम्हाला कल्पना येईल. लहानपणी मला 'ओळंबा' म्हणून चिडवत असा ना? गवंड्याने खरोखरच्या ओळंब्याची वजन बांधलेली दोरी खिशातून काढायच्या आधीच मी भिंतीकडे पाहून कल सांगत असे. "मॅडम, घर करताय का दागिना?" तो म्हणाला. न्हाणीघराची फरशी मी उखडून पुन्हा बसवून घेतली, आणि दाराशी जो उंचवटा होता तो काढून टाकला. आता आत जाताना पाऊल उचलावेच लागत नाही. भिंतीत धरायला दांडी बसवली. त्यावर गवंडी माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाला, "तुम्हाला इतक्यात काय लागणार दांडी?" मी म्हटले, तुम्ही सिमेंट कालवा. अंगणात उतरायच्या दोन पायऱ्या काढून तिथे उतार केला. आणि भिंतींतले प्रत्येक भोक पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून असे बुजवले की ते कुठे होते हे आता मलाही सांगता येणार नाही. रंग लागला, माणसे गेली, मी दार लोटले.

मग जे झाले ते तुमच्याखेरीज कुणाला लिहावेसे वाटले नाही. संध्याकाळ होती. रिकाम्या खोलीत मी खोकले आणि खोलीने मला उत्तर दिले. अंगणाकडच्या भिंतीवर तळवा ठेवला तर ती कोमट होती. दिवसभर घेतलेले ऊन ती आता आत सोडत होती. उष्णता भिंतीतून किती वेळाने आत येते याचे गणित मी झोपेतही सोडवीन. पण ते ऊन माझ्या भिंतीत शिरले होते आणि माझ्या हाताला लागत होते, यापुढे माझे गणित मुके झाले. देवळात शिरलेल्या माणसासारखी मी चपला काढून त्या दोन खोल्यांतून फिरले. नळ सोडला, बंद केला. खिडकी एका बोटाने लावली आणि ती लागली. एवढ्याशा घरात एवढे विस्तीर्ण काय असते, दादा? मोठमोठ्या नद्यांवरचे पूल मी पाहिले आहेत, त्यांच्या कमानींखाली उभी राहिले आहे; पण असा श्वास कधी अडकला नव्हता.

त्यानंतर धाकट्याने टेम्पोतून आईचा आरसा आणून दिला, जुन्या गोधडीत गुंडाळलेला. मी आईला फोन केला. म्हणाली, "अगं, मला आता खाली बसवत नाही, आणि बसले तर उठवत नाही. उभी राहिले तर त्या आरशात नुसते माझे गुडघे दिसतात, आणि त्या मेल्यांचं तोंड मला बघायचं नाही! तू ने." मग वेणी कशी घालतेस, असे विचारले. "चाचपून घालते. भांग सरळ आहे का ते तुझे दादा बघतात. दोन केस इकडचे तिकडे झाले तरी पुन्हा विंचरायला लावतात." तुम्ही मागून ओरडलात, "वाकडा होता म्हणून!" आणि मी हसता हसता, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही दोघांनी इकडे येण्याचा तोच विषय पुन्हा काढला. तुमचे उत्तर मी शब्दशः लक्षात ठेवले आहे: "आता या वयात पुन्हा कुणाच्या भिंती सांभाळायच्या? बघू." आणि रिसीव्हर आईच्या हातात दिलात.

आरसा मी नकळत अंगणाकडच्या खोलीत जमिनीवरच ठेवला, भिंतीला टेकवून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आत आले, तिरक्या आरशावर पडले आणि छतावर उजेडाचा एक लांबट चौकोन उमटला. रस्त्यावरून गाडी गेली की तो थरथरे. आपल्या सगळ्या घरांत तो असाच छतावर असे. अंथरुणात पडून मी त्याला 'वरची खिडकी' म्हणत असे. इतक्या गावांत, इतक्या छपरांखाली, एक खिडकी आपल्याबरोबर फिरत होती! मी कामावर उशिरा गेले. कारण विचारले तेव्हा पाहणी चालू होती, असे सांगितले.

आता पाचवी गोष्ट. परवा सुतार शेवटचे कपाट बसवायला आला. मनुष्य कामाला बरा, तोंडाने फाटका. स्क्रूच्या सगळ्या खाचा उभ्या रेषेत आल्या पाहिजेत, ही तुमची शिस्त मी त्याला पहिल्याच दिवशी घालून दिली होती. "खाचा कोण बघतंय?" असे तो म्हणाला होता, आणि मी म्हणाले होते, मी. परवा घाम पुसून टॉवेल अडकवायला तो खुंटी शोधू लागला. या खोलीत, त्या खोलीत, न्हाणीघरात. मग टॉवेल हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला: "मॅडम, या घरात काही टांगायचं नाही? ओला टॉवेल, पिशवी, छत्री, सगळं काय हवेत ठेवणार?" मी आराखडे उघडले. एकूण एक पान तपासले. दिव्यांची बटणे, नळ, बिजागऱ्या, सारे जागच्या जागी आणि मापांसह. आणि संपूर्ण घरात एकही खुंटी नाही, एकही खिळा नाही. विसर म्हणावे तर मी काही विसरत नाही. मी आपल्या कायद्याबरहुकूम घर केले होते: इथे कुणी राहते हे कुणालाही कळले नसते.

"त्याला काय, आत्ता ठोकू," तो म्हणाला. "हा आरसा आधी लावू. मागे कड्या आहेत की!" त्याने आरसा फिरवला, ड्रिल भिंतीला टेकवले आणि मी अशी किंचाळले की शेजारीण खिडकीत आली. "अहो, भिंत तुमचीच ना?" सुताराने विचारले. मला हो म्हणता येईना. माझे नाव कागदावर आहे, सही आहे, शिक्का आहे. त्याने ड्रिल पेटीत ठेवले. "मग असं करा, मालकाला विचारून ठेवा. मी पुढच्या आठवड्यात येतो."

तो गेल्यावर मी आरशाच्या पाठीशी जमिनीवर बसले. आजवर मी ती पाठ पाहिली नव्हती. ती नेहमी ट्रंकेकडे असे, आणि प्रवासात गोधडीत. दोन पितळी कड्या. त्यांना चार पितळी स्क्रू, आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. पितळेवर हिरवा डाग नाही. दोन कड्यांमधली दोरी जुनी नाही, विरलेली नाही, आणि तिची गाठ अजून आवळलीही गेलेली नाही, कारण तिने कधी वजन पेललेलेच नाही. म्हणजे ती बदलली गेली. कड्या पुसल्या गेल्या. प्रत्येक बदलीच्या वेळी आरसा गुंडाळायचे काम तुम्ही आम्हाला करू देत नसा. "काच आहे, लांब राहा" म्हणत असा. दादा, तुम्ही दर वेळी तो टांगायच्या तयारीत ठेवत होता. पुढची भिंत आपली असेल असे कोणत्या गावाला जाताना वाटले होते, आणि कोणत्या गावापासून वाटेनासे झाले, हे मी विचारणार नाही. दोरी मात्र या खेपेचीही नवी आहे, एवढे नोंदवून ठेवते. पुलांखाली उभे राहून मी जे आश्चर्य शोधत हिंडले ते आपल्या आरशाच्या पाठीवर होते. ऊन उतरेपर्यंत मी तिथून हलले नाही.

सहावी गोष्ट ही. अंगणाकडची खोली तुमची आणि आईची आहे. तळमजला तिच्या गुडघ्यांसाठी घेतला, दांडी आणि उतारही तिच्यासाठी. धाकट्याला आता खुशाल सांगा. इथे तुम्हाला भिंती सांभाळायच्या नाहीत, बिघडवायच्या आहेत. सुताराने मालकाला विचारायला सांगितले आहे, म्हणून विचारते: खिळा कुठे मारू? आई उभी राहिली की तिचे डोळे कोणत्या उंचीवर येतात हे मला माहीत नाही. उभ्या आईला मी आरशात कधी पाहिलेले नाही, आणि तिनेही नाही. तिला चपला काढून ताठ उभी करा आणि मोजा. तिथल्या घरमालकाच्या भिंतीला तुम्ही पेन्सिल लावणार नाही हे ठाऊक आहे. टेप दाराच्या चौकटीशी धरा. ती हसेल, वाकेल, "वेड लागलंय बापलेकींना" म्हणेल, म्हणून दोनदा मोजा. माझ्या पायांना तोवर त्या आरशात एकटेच राहू द्या. फोन करू नका. फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता. आईच्या डोळ्यांची उंची, आणि स्वतःच्या हाताने ते भोक पाडायला तुम्ही दोघे सामानासकट कोणत्या तारखेला येता, हे दोन्ही मला कागदावर, तुमच्या सहीनिशी, लेखी हवे.

तुमचीच, अजूनही तसूभर न कललेली,
ओळंबा