शाबूत राहिलेलं वळण

कोस्तानाय, ११ ऑक्टोबर १९९८

ती. काम्का अपा यांस धाकट्या भावाचा, दोस्बोलचा सलाम, वि. वि.

पैसे पोहोचले. तुमचे यजमान, आमचे तोक्तार जेझ्दे, खाणीच्या अपघातात गेले, त्यांची भरपाई ती. हात लावायला जीव होत नव्हता. तुम्ही मात्र चिठ्ठीत लिहिलंत की कपाटात पडून ते कुणाला हवेत.

फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी मोटारशर्यतींच्या ट्रॅकला सरळ रस्ता म्हणून तयारच आहे. उरलेले दोन किलोमीटर आणि सात वळणं करायची. खरा पैसा वळणं खातात. तुमच्या पैशात खडी आणि डांबराचा खालचा थर होईल. वरच्या थरासाठी बँक कर्ज देतेय, डॉलरमध्ये, कारण त्याला व्याज कमी. एक वळण तर नमुना म्हणून पूर्ण करून बँकेच्या साहेबांना दाखवलंसुद्धा. शिवाय दारूच्या कारखान्याने त्यांची पाटी लावायच्या बदल्यात पैसे कबूल केलेत.

मेरुएर्त बायकांत सांगत फिरते की तिच्या नवऱ्याने दुसरी केली, ती डांबराची आहे आणि तिचे लाड जास्त. मला जेवायला मात्र वाढते.

तुमचा लोभ वाढला नाही तरी आहे तेवढा राहू द्या.

तुमचा,
दोस्बोल

कारागांडी, २ नोव्हेंबर १९९८

चि. दोस्बोल यास अपाचे आशीर्वाद.

मी बरी आहे. माझा टीव्ही महिनाभर बंद आहे हे शेजारीण चहाला आली तेव्हा कळलं. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसत होते. ती घाबरली, डॉक्टरकडे चल म्हणाली. पण दुखत काही नाही, रडू येत नाही, मग डॉक्टरला सांगू काय?

पैशांचे आभार मानू नकोस. ते आले तेव्हा काही वाटलं नाही, गेले तेव्हाही नाही. वरचा थर बर्फ पडण्याआधी होईल ना, एवढं कळव. आणि पहिली गाडी तूच पळवणार असशील तर आधी पोट कमी कर, स्टीअरिंगला अडेल.

मेरुएर्तला माझी आठवण दे. माया आहेच.

तुझी अपा

कोस्तानाय, १८ जुलै १९९९

ती. अपांना सलाम, वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता लपवण्यासारखंही राहिलं नाही.

कारखान्याने पैसे दिले नाहीत. माल खपत नाही, हव्या तर पेट्या घेऊन जा म्हणाले. त्यांच्यासाठी थांबलो आणि थंडी पडली, वरचा थर राहून गेला. खालच्या थरात पाणी मुरून गोठलं. बर्फ वितळल्यावर गेलो तर रस्ता जागोजागी फुगून फुटलेला. ते नमुन्याचं एक वळण तेवढं शाबूत आहे.

मग एप्रिलमध्ये आपला तेंगे डॉलरपुढे घसरला. कर्ज डॉलरमधलं, मी काहीच न करता ते दीडपट झालं. बँकेने रोलर नेला, ट्रक नेला, शहरातला फ्लॅटही घेतला. ट्रॅक घ्यायला एक माणूस आला होता. पायी अर्ध्यापर्यंत गेला, हसला आणि परत फिरला. म्हणून ट्रॅक माझ्याकडेच राहिला. आम्ही आता वैमानिकांच्या जुन्या खोल्यांत राहतो.

सगळं सामान मेरुएर्तनेच बांधलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. अपा, मला माफ करा.

तुमचा,
दोस्बोल

कारागांडी, ६ ऑगस्ट १९९९

चि. दोस्बोल यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते आत काही हलतंय का बघायला. नाही हललं. माफी मागतोस, पण मी रागावलेलीच नाही. रागवायला हवं होतं, असं शेजारीण म्हणते.

खोल्यांत चूल आहे का ते कळव.

अपा

कोस्तानाय, ९ सप्टेंबर १९९९

ती. अपांना सलाम, वि. वि.

चूल आहे. इथे दिवसाआड पाऊस येतो, गहू ओला कापावा लागतोय आणि कोठारवाले ओला गहू घेत नाहीत. म्हणून शेजारच्या शेती कंपनीने वाळवणीला माझा ट्रॅक मागितला. रोख पैसे नाहीत, भाडं पिठाच्या पोत्यांत देणार. मी हो म्हटलं. निम्मी पोती तुमची.

गहू उलटायला माणसं कमी पडतात. तुम्ही याल? मेरुएर्तनेही विचारलंय.

दोस्बोल

कारागांडी, १४ ऑक्टोबर १९९९

चि. दोस्बोल आणि चि. मेरुएर्त यांस आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. पीठ मालगाडीने येईल म्हणतात; येईल तेव्हा येईल.

तीन आठवडे तुमच्याबरोबर लाकडी फावड्याने गहू उलटला. हाताला फोड आले, ते मी नुसते बघत होते. शेवटच्या दिवशी तू म्हणालास की गहू फक्त त्या शाबूत वळणावर नाही, चला, तेवढं तरी दाखवतो. मला वाटलं, हळू नेशील. तुझी खटारा झिगुली वळणात शिरली तेव्हा माझ्या बाजूची चाकं उचलल्यासारखी झाली आणि मी ओरडले. गाढवा, मेरुएर्तला माझ्यासारखी विधवा करायची आहे का, असं म्हणाले. तो शब्द मी तोवर कधी तोंडातून काढला नव्हता. तू गाडी थांबवलीस, ते बरं केलंस.

आगगाडीत बसल्यावर सडकून भूक लागली. मेरुएर्तने दिलेल्या पोळ्या अस्ताना यायच्या आत संपल्या. मग समोरच्या बाईला मी तोक्तारबद्दल सांगत बसले, तो मासे कसे खारवायचा ते.

घरी सगळं तसंच आहे. टीव्ही दुरुस्तीला दिला.

पुढच्या वर्षीही असाच पाऊस झाला तर बाकी सगळा ट्रॅक गव्हाला दे. ते वळण मात्र कुणाला भाड्याने देऊ नकोस.

तुम्हा दोघांवर माया आहे, तशीच इकडेही असू द्या.

तुमची अपा