उसनी दिलेली आठ मुलं

सोम., ३ फेब्रु. २००३
ग्रा.पं.चा शिपाई कागद देऊन गेला. राहत्या घरी विनापरवाना पाळणाघर चालवता, पंधरा दिवसांत परवाना दाखवा, नाहीतर बंद करा. सहा वर्षं मुलं सांभाळतेय, आजवर कुणाला परवाना आठवला नाही. ओटीवर आठ झोळ्या, आठही मुलं तीन वर्षांच्या आतली. आया राहू गावाकडे फुलं तोडायला, दोघी कंपनीत. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्यांची, तीही दुपारीच सुटते. मग ही लेकरं संध्याकाळपर्यंत कुठं...

गुरु., ६ फेब्रु.
पिंकीच्या आईने, मंगलने, खाडा करून मुलं बघितली म्हणून तालुक्याला जाता आलं. तिथला क्लार्क म्हणाला, परवाना ग्रामपंचायत देते. परत येऊन ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे.
"तसला फॉर्मच न्हाई वो ताई. गिरणीचा हाय, दुकानाचा हाय, कोंबड्यांच्या शेडचा हाय."
"मग मागितला कसा?"
"वरनं आलंय."
डोकं भणाणलं. शेवटी म्हणाले, मंगळवारी तालुक्याच्या मॅडम अंगणवाडी तपासायला येणारेत, तुमच्याकडंबी येतील. त्यांनी 'मुले आहेत, व्यवस्था ठीक' असं लिहिलं की त्यावर दाखला देतो.

सोम., १०
ओटी सारवली, झोळ्या उकळून धुतल्या. हे दौंडला ड्युटीवर निघताना म्हणाले, "राष्ट्रपती येणारेत व्हय?" मी हसले आणि झोळ्या पुन्हा बांधल्या.
संध्याकाळी अंगणवाडीच्या शोभाताई. वजनाच्या यादीत हीच आठ मुलं, पण त्या कधी काट्यावर घेतच नाहीत, बसल्या जागी आकडे भरतात. "मॅडम आधी माझ्याकडंच येत्यात. तुमची पोरं द्या, त्यांच्यासमोर वजन करते, आर्ध्या तासात परत." हो म्हटलं. नाही कसं म्हणू, सहा वर्षांपूर्वी पहिली दोन मुलं त्यांनीच पाठवली होती.

मंगळ., ११
शोभाताई मुलं घेऊन गेल्या, आणि मॅडमची जीप आधी माझ्याच दारात.
आठ रिकाम्या झोळ्या. मॅडमनी एक हलवून पाहिली. "मुलं कुठे आहेत?" अंगणवाडीत, म्हणावं तर का, हे सांगावं लागेल. "येतील आत्ता," एवढंच बोलले. त्यांनी लिहिलं आणि गेल्या. मुलं वीस मिनिटांनी आली, पिंकीच्या हातात अंगणवाडीतली खाऊची पुडी.
मूर्ख मी.

शुक्र., १४
शेरा आला. 'पाहणीवेळी एकही मूल आढळले नाही.' भाऊसाहेब खुशीत. "मूल न्हाई म्हंजी पाळणाघर न्हाई. न्हाईच तर बंद काय करायचं? सुटलात!" म्हणजे चालू ठेवू? "ते मी कसं सांगू? उद्या एखादं पोर पडलं तर? तुमच्याकडं कागद कुठंय? खुलासा द्यायचा आसंल तर सोमवारपतोर द्या."
चालू की बंद, काही कळेना. यांना विचारलं तर म्हणतात, तूच बघ.

रवि., १६
शोभाताई दारात रडल्या. मी खुलाशात खरं लिहिलं तर त्यांचे आधीचे सगळे खोटे आकडे निघतील, नोकरी जाईल. विधवा बाई. राग इतका आलेला, तरी चहा टाकला. नाही लिहिलं तर माझ्या घरात मुलंच नाहीत, आणि कागद कधीच मिळणार नाही. त्यांचं घर की माझी ओटी? हे कुणाला विचारायचं?

सोम., १७
सकाळी मंगल पिंकीला कडेवर घेऊन उभी. "ताई, ठेवू का नको? टेम्पो निघालाय."
हात आपोआप पुढे झाले. बाकीच्याही आल्या.
खुलाशाचा कागद मांडीवर. लिहिलं : 'पाहणीच्या वेळी मुले' आणि पुढे पेन चालेना. पाच वाजता ऑफिस बंद होतं. आता पावणेचार. आठही झोपलीत. पिंकीची झोळी मधूनच हलते, पायाने थांबवते आहे.