एक भोक की तीन

तीर्थस्वरूप वन्सं यांना पनवेलच्या हॉस्पिटलातून सुनीताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? उरणच्या खाऱ्या वाऱ्यात तो सकाळी जास्त धरत असेल, शेक घेत जा. पत्र लिहून त्याचा फोटो तुमच्या नातीच्या, मनस्वीच्या मोबाइलवर पाठवते आहे, कारण तुमचे बंधू इथे हाताच्या अंतरावर कॉटवर आहेत आणि मी फोनवर बोललेलं सगळं ऐकतात. (डोळे मिटलेले आहेत, पण झोप खोटी आहे. चौतीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.)

यांचं उजवं फुप्फुस पाचव्या दिवशीही नीट फुगलेलं नाही. त्यावरचा एक फोड फुटला, हवा छातीत साठली आणि फुप्फुस मिटून बसलं. बरगड्यांतून नळी घातली आहे, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. खोकल्यावर बाटलीत बुडबुडे आले की समजायचं, गळती चालू आहे. आता दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं म्हणतात.

इथून माझा संशय सुरू होतो. इथल्या डॉ. भाविका एका भोकातून करतात, आणि वाशीहून येणारे मोठे डॉ. प्रभाकर तीन भोकांतून. फोड दोघंही स्टेपलरनेच कापून शिवतात. (ऑफिसातला नव्हे, विचारून घेतलं.) मग एकीचं एकात भागतं तर दुसऱ्याला तीन कशाला? एका भोकात सुरुवातीला दुखणं जरा कमी, तीनांत हात फिरवायला जागा जास्त, आणि पुन्हा त्रास होण्याची शक्यता साधारण सारखीच, असं दोघंही सांगतात. दोन डॉक्टरांचं एकमत झालं की मला जास्तच भीती वाटते. शिवाय फुप्फुस छातीला चिकटून राहावं म्हणून आतलं अस्तर खरखरीत कापडाने घासतात, नाहीतर पावडर फवारतात. म्हणजे यांना भांड्यासारखं घासायचं की बाळासारखी पावडर लावायची, हाही प्रश्न आहेच.

काल मी एक्स-रे खिडकीला धरून पाहिला. बिघाड डावीकडे, आणि नळी तर यांच्या उजव्या कुशीत! मी यांच्या डाव्या छातीवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात 'धिस साइड, प्लीज' लिहिलं आणि डॉ. भाविकांना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, फोटोतले काका तुमच्याकडे तोंड करून उभे आहेत. त्यांची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येणार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा कवायत शिकवताना आमच्यासमोर उभ्या राहायच्या आणि 'उजवा' म्हणत स्वतःचा डावा हात वर करायच्या. आम्ही पन्नास मुली, पायांत खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. ते मैदान अजून स्वप्नात येतं, आणि ऐनवेळी तेवढंच विसरले.

पट्टी ओढून काढली तसे हे ओरडले, "अगं, तुझ्यापेक्षा तीन भोकं बरी!" आणि बाटलीत भराभर बुडबुडे! त्याच सकाळी डॉक्टरांनी खोकायला सांगितलं तेव्हा एक नव्हता. कसा असेल? तेव्हा हे नव्या नवरीसारखे नुसतं 'खूं' करून थांबले होते. म्हणजे चार दिवस मी डॉक्टरांवर पाळत ठेवली, आणि लबाडी कॉटवर चालली होती!

काळजी करू नका. (मी करते आहे तेवढी दोघींना पुरेल.)

तुमची,
सुनीता

ता. क. : उद्या बाराला ऑपरेशन ठरलं आहे आणि यांनी सही केलेली नाही. "घरी जाऊ, आपोआप भरेल," एवढंच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, आता थांबणं धोक्याचं. माझं ऐकत नाहीत. मिठागराच्या बांधावर तुमच्या कडेवर वाढलेला माणूस, तुम्हीच फोन करा. "बरा हाय का" विचारू नका, हो म्हणतील. सरळ म्हणा, "कमल्या, नाय बोलायचं नाय. सही कर."

दुसरा ता. क. : भोकांचं मनावर घेऊ नका, ते मी ठरवलं. एकच, डॉ. भाविकांकडून. त्यांना विचारलं, तुमचे वडील असते तर? म्हणाल्या, "मी बाहेर बसले असते काकू, हात थरथरले असते." इतकं खरं बोलणारं दुसरं कुणी मला इथे भेटलं नाही.

तिसरा : तुमचा फोन आला की मी चहाचं निमित्त करून जिन्यात जाईन. माझ्यासमोर हे रडत नाहीत. आधी रडू द्या, मग सही करायला सांगा.