हजेरीतलं नाव

॥ श्री ॥

पिंपरी,
रविवार, ता. ८ जुलै १९५६

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या मंजुळेचा नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. निघोज्याला पेरण्या उरकल्या का? भाऊजींचा गुडघा कसा आहे? हे पत्र रंभाकडून वाचून घेऊ नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. अक्षराला अक्षर लावत वाच, पण तूच वाच.

यांना नव्या औषधाच्या कारखान्यात कायम केलं. केरू शाळेत जायला लागून महिना होत आला. शाळा मारुतीच्या देवळातच भरते.

मला ही शाळा पहिल्यापासून पटली नाही. शेजारच्या शालनबाईचा पोरगा आठवडाभर भोकाड पसरत गेला. आमचा एक दिवस रडला नाही. सहा वर्षं माझा पदर न सोडणारं पोर मागे वळून न बघता कसं जाईल? कुणीतरी काहीतरी खायला घालून फितवत असणार, असं मला वाटलं. गुरुजी येता-जाता हसतात, तेही मला खरं वाटत नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला पोरगं रडाया पायजे का?" खोटं कशाला बोलू, थोडं पाहिजेच होतं.

म्हणून शुक्रवारी देवळाच्या मागच्या भिंतीला जाऊन बसले. कुणी विचारलंच तर सांगायला हातात शेणाची पाटी. आत हजेरी चालली होती. केरूचं नाव काही येईना. मग गुरुजी म्हणाले, "जयवंत अर्जुन." आणि आक्का, माझाच पोरगा ओरडला, "हजर!"

पाटी तिथेच टाकून मी घरी आले.

जयवंत गेल्यापासून सात वर्षं ते नाव मी तोंडातून काढलं नाही. तो गेला म्हणून तर याला जन्मल्याबरोबर सुपात घालून केरावर ठेवला, अंबुबाई सुईणीनं उचलून परत माझ्या ओटीत टाकला. नाव केरू ठेवलं, नाक टोचलं. नकोसं पोर दिसलं म्हणजे याला तरी कुणी नेणार नाही.

चाळीत ते नाव कुणाला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी त्याला शालनबाईनं नेलं होतं. तिच्यादेखत त्यानंच गुरुजींना नाव सांगितलं, तिला वाटलं पाळण्यातलं असेल. यांच्यासमोर तर जयवंताचा विषय निघाला की हे उठून बाहेर जातात. म्हणजे राहिलीस तू. उन्हाळ्यात आम्ही मायलेकरं पंधरा दिवस तुझ्याकडे होतो. तूच सांगितलंस ना त्याला? केरू म्हणून हाक मारायची तुला पहिल्यापासून लाज. माझ्या एकुलत्या पोराच्या जिवापेक्षा तुला नाव मोठं झालं का?

मंगळवार

वरचं फाडत नाही. मी तुला काय काय समजले ते तुला कळायला हवं.

काल सकाळी त्याच्या डोक्याला तेल लावताना विचारलं, "जयवंत कोण रं?"

"मीच की."

"कुणी सांगितलं? मावशीनं?"

"न्हाई. तूच म्हणतीस. दुपारचं मला थोपटताना तुझा डोळा लागला की म्हणतीस, नीज जयवंता. मला वाटलं त्ये माझं चांगलं नाव हाय. शाळंत चांगलं नाव सांगायचं असतं."

माझा हात तेलासकट त्याच्या डोक्यावरच राहिला. सगळ्या जगावर संशय घेतला गं, स्वतःच्या तोंडावर तेवढा घेतला नाही.

तसाच दंडाला धरून त्याला शाळेत नेला. गुरुजींना म्हटलं, "खोडा त्ये. केरू लिव्हा." ते म्हणाले, "बाई, आज पटावर पक्कं लिहिणार आहे. मग शाळा सोडेपर्यंत तेच राहील. जरा विचार करून सांगा."

पायरीवर येऊन बसले. केरू म्हणाला, "मी जयवंत न्हाई, तर कोण हाय त्यो?"

मग सांगितलं. "तुझा थोरला भाऊ. तू व्हायच्या आधीच गेला."

"त्यो शाळंत गेलता?"

"न्हाई रं. तेवढा झालाच न्हाई."

बराच वेळ तो नाकातल्या बाळीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मग त्याला येऊ दे की माझ्यासंगं."

आक्का, भर पायरीवर रडले मी. येणारे-जाणारे बघत होते. आत जाऊन गुरुजींना सांगितलं, असू द्या तेच.

आता घरी बसले आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. रोज सकाळी ते नाव मोठ्यानं घेतलं जाणार. थोरल्याला ज्यानं नेलं, त्यानं ऐकलं तर? रागवायचं तेवढं रागव, पण तुझ्या पाया पडते, तू त्याला केरूच म्हण. दिवाळीला आलो की वेशीपासूनच हाक मार, चांगली खणखणीत, आकाशात बसलेल्यालासुद्धा ऐकू जाईल अशी.

तुझी,
मंजुळा,
दोन मुलांची आई