फौजी आमदारांचा दाखला

१२ नोव्हेंबर, बुधवार. नांदेड
गुडघा आज बरा. सकाळी गावाकडून दिगंबर आला होता, माजी आमदार कै. किशनरावांचा मुलगा. (किशनराव म्हणजे इथून पुढे 'आ.सा.'; सारखं आमदारसाहेब कोण लिहीत बसणार.) वेशीत वडिलांच्या नावाची कमान बांधतोय. कोनशिलेचा मजकूर मी लिहायचा. "सर, चारच ओळी. पर युद्धवीर हा शब्द पायजे. एकाहत्तरची लढाई पायजे." तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्याचं हे फळ. हो म्हटलं. पाथरवट कंधारचा, त्याला महिनाअखेर मजकूर हवा.
सौ. म्हणाली, "रिटायर झाल्यावर तरी गप बसा की."

१५ नोव्हें., शनि.
ग्रामसभेत धिंगाणा. सरपंच बालाजी उभा राहून म्हणाला म्हणे, "साहेब लढाईत होते ह्याला पुरावा काय?" कुणी एक म्हातारा सांगतोय, लढाईच्या साली किशन हैदराबादला हॉटेलात कामाला होता, किशनने ह्या म्हाताऱ्यालाच चहा पाजलेला. दिगंबरचा फोन, नुसता तडतडत होता.
'फौजी आमदार' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याबद्दल कधी काही विचारावंसं वाटलं नाही. प्रचाराच्या जीपवरचा भोंगासुद्धा तेच ओरडायचा. आता शंका आली आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटते आहे. हे दिगंबरला सांगायची सोय नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
दिगंबरने आ.सा.चं फौजेतून सुटल्याचं पुस्तक आणलं. अस्सल. शिक्के, नंबर, पदकाची नोंद, सगळं जागच्या जागी. फोटो मात्र नाही. नाव आ.सा.चंच, बापाचं नाव, गाव बरोबर. दिगंबर छाती काढून: "जन्मतारीख बी जुळती सर! एक जून!"
मी हसलो, त्याला राग आला. अरे, आमच्या गावात अर्ध्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नसायची, की गुरुजी एक जून लावून मोकळे. आणि ते गुरुजी म्हणजे माझे वडील. माझीही एक जूनच लावलीय त्यांनी. आई म्हणायची तू दिवाळीतला, तर म्हणत, "रजिस्टर नीट दिसलं पाहिजे."
म्हणजे कागद खरे. मग हैदराबादचा चहा कुणी पाजला?

२१ नोव्हें., शुक्र.
गावी गेलो, थेट शाळेत. हेडमास्तर चांगला माणूस, जुनी रजिस्टरं स्वतः काढून दिली. वडिलांचं अक्षर बघून उगीच गलबललो. तेच टपोरं अक्षर, तीच जांभळी शाई.
आ.सा.: सातवी पास. शेवटच्या रकान्यात 'दाखला दिला. कारण: फौजेत भरती.' खाली वडिलांची सही. आणि दाखला नेणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा.
सातवी पास झालेला पोरगा अंगठा का देईल? वर्गात पहिला यायचा तो. घरी खडूने भिंतीवर इंग्रजी नाव लिहायचा, हे वडीलच सांगत.
मोबाइलवर फोटो काढून घेतला. हेडमास्तर म्हणाला, "काय सापडलं सर?" म्हटलं, काही नाही, वडिलांची सही.

२२ नोव्हें., शनि.
झोपेपर्यंत एकच नाव डोक्यात: माणिक. आ.सा.चा थोरला भाऊ. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि दाखला असल्याशिवाय भरती नाही. लढाईच्या साली दोघंही भाऊ गावात नव्हते, एवढं मलाही आठवतं. एक फौजेत, एक हैदराबादला. कोण कुठे, हे आम्हा पोरांना मोठ्यांनी सांगितलं तेच. माणिक वारला त्याला बरीच वर्षं झाली. बायको धुरपताकाकू लेकीकडे देवणीला असते.
जायचं. सौ.ला सांगितलं उदगीरला लग्न आहे. तिने पत्रिका मागितली. मग खरं सांगितलं.

२४ नोव्हें., सोम.
नांदेड–उदगीर एस.टी., पुढे काळीपिवळी. काकूंनी आवाजावरून ओळखलं. "गुरुजींचा बाळू का रं? लई वाळलास." सहासष्टाव्या वर्षी बाळू म्हणवून घ्यायला बरं वाटलं.
विचारायला जीभ रेटेना. खोलीत बघत बसलो. कोपऱ्यात फौजी लोकांकडे असते तसली काळी लोखंडी पेटी, पांढऱ्या रंगात इंग्रजीत 'किशन'. तिच्यावर घोंगड्या-चादरी, सगळ्यांच्या घड्या काठाला काठ लावून, फूटपट्टी धरल्यासारख्या. म्हटलं, काकू, असल्या घड्या कुणी शिकवल्या?
"ह्यांनी. वाकडी घडी दिसली की मोडायचे अन् पुन्यांदा घालायला लावायचे. फौजेतली सवय."
झालं. 
मग त्याच बोलल्या. नवरा जाताना हैदराबादला जातो म्हणाला. परत आल्यावर एकदाच सांगितलं, किशनच्या दाखल्यावर मीच गेलो होतो, कुणाला बोलू नको. "नाव भाऊजींचं, तर कागद बी भाऊजींचे. पुढं भाऊजी विलेक्शनला उभारले, तवा ह्यांनीच फेटा बांधून दिला."
विचारलं, राग नाही आला तुम्हाला?
"आला की. ह्यांचाच आला." मग पेटीवरची चादर सारखी करत: "कमानीवर कुनाचं बी नाव घाला. पर लढाईला गेलता त्यो माझा नवरा, एवढं कुनीतरी एकदा म्हनावं. मी मरायच्या आत."
पेटी आ.सा.ने दिलेली असू शकते. घड्या कुठेही शिकता येतात. हे सगळं परतीच्या गाडीत मनात आलं आणि स्वतःचीच चीड आली. पण आलं ते आलं.

२६ नोव्हें., बुध.
दिगंबरला बोलावून अंगठ्याचा फोटो दाखवला. काकूंचं म्हणणंही सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. बराच वेळ फोटोच मोठा करून बघत राहिला.
"आजोबांचा असंल, सर. पोराचा दाखला बापच आनतो न्हवं?"
हे मला सुचलंच नव्हतं! त्यांचे वडील अंगठेबहाद्दरच होते. तीस वर्षं इतिहास शिकवला म्हणे.
जाताना दारात थांबला. "अन् मोठ्या आईचं खरं असंल, तर मंग तुमच्या वडलांना ठावं होतं की. सही हाय त्यांची."
 शाळेतला एक खडू घरी आणला म्हणून मला वर्गात उभं करणारा माणूस. दुसऱ्याच्या दाखल्यावर पोरगं लढाईला धाडेल? धाडलंही असेल. रजिस्टर नीट दिसलं म्हणजे झालं.


२९ नोव्हें., शनि.
पाथरवटाचे दोन फोन. मजकूर लिहिला, खोडला. युद्धवीर किशनराव. खोडलं. किशनराव आणि माणिकराव, दोघे बंधू. खोडलं, दोघे कुठे गेले होते? शेवटी:
'ह्या घरातून एक जण एकाहत्तरच्या लढाईला गेला आणि परत आला.'
खोटं काही नाही ह्यात. स्वतःवर खूश होऊन सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "कमान घराची आहे का माणसाची?" तरी दिगंबरला पाठवला. त्याने बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

३० नोव्हें., रवि.
दुपारी देवणीला फोन लावून काकूंना वाचून दाखवलं.
"परत वाच."
परत वाचलं.
"एक जन म्हंजी कोन, बाळू?"
 लाज वाटली, सरळ लाज. चार दिवस शब्द जुळवत बसलो आणि म्हातारीने मागितलेलं तेवढं एकच त्यातून वगळलं.
मग त्याच म्हणाल्या, पेटीत शेताच्या वाटणीचा कागद आहे. भाऊजींची सही आहे, ह्यांचा अंगठा आहे. "तुज्याकडं शाळंतला अंगठा हाय म्हनं. मांडून बघ की शेजारी शेजारी. मला काय त्यातलं कळतंय?"
त्यांना हे दिगंबरनेच सांगितलंय. तो काल देवणीला जाऊन आला. मला बोलला नाही.
जुळला तर काकूंना म्हणता येईल. जुळला तर वडिलांनी सगळं जाणून सही केली, हेही ठरेल. नाही जुळला, तर तेही मलाच त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल.
पाथरवटाला थांब म्हणून कळवलं. उद्या उदगीरची पहिली गाडी सकाळी पावणेसहाला. वडिलांचं भिंग टेबलाच्या खणात होतं, ते सापडत नाही. सौ. म्हणते, मी हात लावलेला नाही, नीट बघा.